तुम्ही विचारलंत म्हणून: जपानीत वडिलांना दोन शब्द कशाला?

मी पुण्यात जपानी शिकवते. पहिल्या पातळीच्या वर्गात नात्यांचा धडा आला की एक प्रश्न ठरलेला असतो. 'सेन्सेइ, वडिलांना चिचि म्हणायचं की ओतोसान? एकाच माणसाला दोन शब्द कशाला?' कॉलेजची मुलं विचारतात, कंपनीतर्फे जपानला निघालेले इंजिनिअर विचारतात, मुलांचा अभ्यास घेणारे पालकही विचारतात. वर्गात वेळ नसतो, म्हणून तिथे दोन वाक्यांत उत्तर देते. इथे जरा सावकाश सांगते.

दोन वाक्यांचं उत्तर असं. आपल्या वडिलांविषयी बाहेरच्याशी बोलताना 'चिचि', दुसऱ्याच्या वडिलांविषयी बोलताना 'ओतोसान'. आई, आजी-आजोबा, थोरली भावंडं यांचंही तसंच: हाहा आणि ओकासान, सोबो आणि ओबाआसान, सोफु आणि ओजीसान, आनि आणि ओनीसान, आने आणि ओनेएसान. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीला एवढं पुरतं. उच्चारात दीर्घ स्वर मात्र नीट लांबवायचा, कारण 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी.

पण एक गोष्ट या कोष्टकात बसत नाही. घरात वडिलांना हाक मारताना जपानी मूल 'ओतोसान' असंच म्हणतं. 'चिचि' अशी हाक कुणी मारत नाही. म्हणजे वडील समोर असताना ओतोसान, बाहेरच्याला त्यांच्याविषयी सांगताना चिचि, आणि शेजाऱ्याच्या वडिलांचा विषय निघाला की पुन्हा ओतोसान. वडील कुणाचे, एवढ्यावर शब्द ठरत नाही. ऐकणारा कोण, तो आपल्या कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे आधी बघावं लागतं. या आतल्या वर्तुळाला जपानीत 'उचि' म्हणतात आणि बाहेरच्याला 'सोतो'. उचितल्या माणसाविषयी सोतोतल्या माणसाशी बोलताना आदरार्थी रूपं काढून घ्यायची, उलट नम्रतेचं क्रियापद लावायचं. घरी फोन आला आणि वडील नसले, तर 'चिचि वा इमा ओरिमासेन', म्हणजे 'वडील आत्ता घरी नाहीत'. यातलं 'ओरिमासेन' हे स्वतःविषयी वापरायचं नम्र रूप. वडील इथे 'मी'च्याच बाजूला उभे असतात.

मराठी मुलं अडतात ती इथे. शब्द पाठ असतात, पण तोंडून निघत नाहीत. आपल्याकडे आदर माणसाला चिकटलेला असतो. फोनवर कुणीही असो, 'बाबा घरी नाहीत', 'वडील गावाला गेलेत' हेच आपण म्हणणार. ऐकणारा बदलला म्हणून वडिलांचं अनेकवचन कुणी काढून घेत नाही. कोरियनमध्येही आपल्यासारखंच आहे, स्वतःच्या वडिलांविषयी परक्याशी बोलताना आदर तसाच राहतो. भाषेचे अभ्यासक या दोन पद्धतींना निरपेक्ष आणि सापेक्ष आदर असं म्हणतात. मराठी पहिल्या गटात, जपानी दुसऱ्या. मी वर्षानुवर्षं बघत आलेय की 'हाहा' मुलांना सहज जमतं, 'चिचि'ला जीभ अडखळते. कारण सरळ आहे. मराठीत आई 'आली', बाबा 'आले'. आईला आपण एकेरीच म्हणतो, तिथे काढून घ्यायला काही नसतंच. ज्या घरांत आता 'बाबा आला' म्हणतात, त्या घरांतल्या मुलांना चिचिही लवकर येतं.

एका आजोबांनी मला विचारलं होतं, 'बापाला असं खाली उतरवायला शिकवता का तुम्ही?' मला तो प्रश्न मनापासून आवडला, कारण त्यात भाषेची काळजी होती. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: चिचि म्हटल्याने वडिलांचा मान एक तसूही कमी होत नाही. समोरच्याला मान देण्यासाठी आपण घरच्यांसकट एक पायरी खाली उभे राहतो, आणि वडील आपलेच असल्यामुळे त्यांनाही सोबत घेतो. मला यात जवळीक दिसते. परक्यापुढे आदराने ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या आणि आपल्या मधे थोडी तरी जागा सुटलेली असते. चिचि म्हणताना ती उरत नाही.

जपानी कंपन्यांत काम करणाऱ्यांनी तर हे पक्कं समजून घ्यावं, कारण तिथे उचि म्हणजे अख्खी कंपनी. बाहेरून फोन आला आणि साहेब जागेवर नसले, तर आपण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणू. जपानी माणूस आपल्या साहेबांच्या नावामागचा 'सान'सुद्धा काढतो आणि नुसतं 'तानाका' म्हणतो, क्रियापद पुन्हा नम्रतेचं. पण त्याच साहेबांच्या पत्नीचा फोन आला तर? मग लगेच 'तानाका-सान' आणि सगळी आदराची रूपं. पत्नीच्या दृष्टीने साहेब तिच्या घरचे, आपण बाहेरचे. कुंपण सरकलं की शब्द सरकतो. हे एकदा लक्षात आलं की कोष्टक पाठ करावं लागत नाही. म्हणून मी मुलांना याद्या पाठ करायला लावत नाही. घरच्यांचा फोटो आणायला सांगते आणि शेजारी बसलेल्याला त्याची ओळख करून द्यायला लावते, मग शेजाऱ्याने त्याच फोटोविषयी प्रश्न विचारायचे. एकाच्या तोंडी चिचि, दुसऱ्याच्या तोंडी ओतोसान, फोटो तोच.

घरातल्या हाकांचं प्रकरण आणखी सुरेख आहे. जपानी घरात मूल जन्मलं की बायको नवऱ्याला 'ओतोसान' म्हणू लागते, नवरा बायकोला 'ओकासान', आणि तोच नवरा स्वतःच्या आईला 'ओबाआचान', म्हणजे आजी. ताकाओ सुझुकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ साली आलेल्या पुस्तकात याचा नियम मांडला: घरातल्या हाका सगळ्यांत धाकट्याच्या जागेवरून ठरतात. थोरले सगळे त्याच्या डोळ्यांनी घर बघतात. हे सांगितलं की वर्गातल्या वयस्कर विद्यार्थ्यांना आपली वाड्यातली घरं आठवतात. आपल्या एकत्र कुटुंबांत नेमकं उलटं व्हायचं. दीर 'वहिनी' म्हणायचे म्हणून मुलंही आईला वहिनीच म्हणायची, धाकटी भावंडं 'दादा' म्हणायची म्हणून वडील मुलांचेही दादाच. आपल्याकडे मूल मोठ्यांचा शब्द उचलायचं, जपानात मोठे मुलाचा शब्द उचलतात. दोन्हीकडे अख्ख्या घराने एकच हाक वापरायची, ही ओढ सारखी.

भावंडांत मराठी माणसाला काही कठीण नाही. थोरल्याला नात्याने हाक मारायची, धाकट्याला नावाने, हे आपण ताई-दादा म्हणत जन्मभर करतोच. 'ये, आजी देते तुला' असं आजीने स्वतःविषयी म्हणणंही जपानीत जसंच्या तसं आहे.

काका-मामांपाशी मात्र सगळे निराश होतात. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे 'ओजिसान'. आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या 'ओबासान'. चुलत, मामे, आते, मावस, सगळी भावंडं 'इतोको'. आईकडचे की वडिलांकडचे हे सांगायचंच असेल तर 'हाहाकाता' किंवा 'चिचिकाता' असं वेगळं म्हणावं लागतं. लिहिताना एक भेद दिसतो, पण तो बाजूचा नव्हे, वयाचा. आईवडिलांहून मोठा ओजि, म्हणजे काका-मामा, एका कांजीने (चिनीतून आलेल्या अक्षराने) लिहितात, लहान ओजि दुसऱ्या. उच्चार एकच. इतोकोचंही तसंच, बोलताना एक शब्द, लिहिताना मुलगा-मुलगी आणि थोरला-धाकटा यांप्रमाणे कांजी बदलते.

'एवढी साधी नाती त्यांना वेगळी करता येत नाहीत?' असं कुणी म्हटलं की मी लग्नाकडे बोट दाखवते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत होती आणि आहे, चुलत बहीण मात्र सख्ख्या बहिणीसारखी. ज्या घरात एकीशी लग्न होऊ शकतं आणि दुसरीशी कधीच नाही, तिथे दोघींना एक शब्द चालणार कसा? सुनेने सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणायचं, हेही त्याच रीतीतून आलं. जपानच्या दिवाणी कायद्याचं ७३४वं कलम तिसऱ्या अंशापर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्नाला मनाई करतं. इतोको चौथ्या अंशात येतात, त्यामुळे लग्न चालतं, आणि मामेबहीण-चुलतबहीण असा फरक कायदा करत नाही. जिथे फरकाची गरज पडली नाही तिथे शब्दही झाला नाही.

जपानी सून सासूला 'ओकासान' म्हणते. तोच शब्द, तोच उच्चार. लिहिताना फक्त सासरचं नातं दाखवणारी कांजी मधे घालतात. सासूच्या कानावर 'आई' पडतं, पत्रातल्या अक्षरांत मात्र सासरपण दिसतं. नणंदेला 'कोजुउतो' म्हणतात, आणि जुनी म्हण सांगते की एक नणंद हजार राक्षसांच्या तोडीची. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कुठल्याही मराठी बाईला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

राहिले नवरा-बायको, आणि इथे माझं स्पष्ट मत आहे. जुन्या पुस्तकांत आपल्या बायकोला 'कानाइ' आणि आपल्या नवऱ्याला 'शुजिन' शिकवतात. कानाइ म्हणजे घराच्या आतली, शुजिन म्हणजे मालक. आपल्याकडे पुरुष बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायचे आणि बायका नवऱ्याला 'धनी', त्यातलाच प्रकार. मेइजी सम्राटांच्या काळातल्या १८९८च्या जपानी दिवाणी कायद्याने कुटुंबप्रमुखाला मोठे अधिकार दिले होते, लग्नालासुद्धा त्याची संमती लागे. ती पद्धत १९४७ साली कायद्यातून गेली, शब्द राहिले. मी माझ्या विद्यार्थ्यांना स्वतःविषयी बोलताना 'त्सुमा' आणि 'ओत्तो' शिकवते, पत्नी आणि पती, बस. कानाइ आणि शुजिन कानावर पडले तर कळावेत एवढ्यापुरते फळ्यावर लिहिते. अडचण उरते दुसऱ्याच्या नवऱ्याची. त्यासाठी रूढ आदरार्थी शब्द 'गोशुजिन' हाच, आणि त्यातही मालक आहेच. आता काही जपानी लोक 'ओत्तोसान' म्हणू लागलेत. वयस्कर माणसांच्या कानाला तो अजून खटकतो, म्हणून त्यांच्याशी बोलताना गोशुजिन वापरा. तुमच्या वयाच्या मैत्रिणीशी बोलताना खुशाल ओत्तोसान म्हणा.