कॉर्फचा किल्ला कुठे गेला?

इंग्लंडच्या दक्षिणेस, डॉर्सेटमधील पर्बेकच्या डोंगररांगेत एका खिंडीवर नजर ठेवून असलेल्या टेकडीवर कॉर्फचा किल्ला आहे आणि पायथ्याशी कॉर्फ कॅसल याच नावाचे गाव. अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम द कॉन्करर याने हा किल्ला उभारला. सुमारे २१ मीटर उंचीचा बालेकिल्ला विल्यमचा मुलगा राजा पहिला हेन्री याच्या काळातला. गाव मात्र केवळ किल्ल्याच्या आश्रयाने जगत नव्हते. चकाकी घेणारा पर्बेकचा चुनखडक येथील पाथरवट घडवत, आणि सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमधले गडद, सडपातळ खांब त्याच दगडाचे आहेत.

सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धात किल्ला बँक्स घराण्याकडे होता. सर जॉन बँक्स राजाच्या बाजूने बाहेर असताना, १६४३ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने घातलेला वेढा त्यांच्या पत्नी मेरी यांनी मूठभर माणसांनिशी परतवून लावला. दासीदेखील तटावरून दगड आणि निखारे टाकत होत्या. त्या वेढ्यात गावाच्या चर्चचे हाल झाले. वेढा घालणाऱ्यांनी तेथेच तळ ठोकला आणि छपराचे शिसे काढून त्याच्या गोळ्या पाडल्या, असे राजपक्षाच्या तत्कालीन वृत्तांतात म्हटले आहे. पुढे १६४६ मध्ये, आतल्याच एका अधिकाऱ्याने कुमक म्हणून शत्रूचे सैनिक आत घेतले, तेव्हा किल्ला पडला.

त्याच वर्षी पार्लमेंटने तो उद्ध्वस्त करण्याचा ठराव केला. १८१८ नंतर सह्याद्रीतल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, हे ठाऊक असल्यामुळे मला हा भाग वाचताना विशेष वेदना होतात. गड पुन्हा लढू नये, हाच हेतू दोन्हीकडे होता. कॉर्फच्या आतल्या दरवाजाचा एक बुरूज सुरुंगाने अख्खाच्या अख्खा उतारावर खाली घसरला. दरवाजाचे लोखंडी जाळे ज्या खाचेतून खाली येई, ती खाच दोन्ही बाजूंच्या दगडात आजही दिसते, पण एक बाजू दुसरीच्या बरीच खाली आहे.

मोकळे झालेले चिरे आणि तुळया लोकांनी घरे बांधायला नेल्या. मला यात लूट दिसत नाही; युद्धात पोळलेल्या गावाला आपल्याच टेकडीवरचा घडीव दगड हाताशी आला, तर त्याने तो वापरलाच पाहिजे. १९८१ मध्ये बँक्स घराण्यातील राल्फ बँक्स यांच्या मृत्युपत्राने भग्न किल्ला ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला मिळाला. तेथे जाणाऱ्याने अवशेष पाहून लगेच परतू नये. गावातल्या राखाडी घरांच्या भिंतीही तितक्याच बारकाईने पाहाव्यात, कारण किल्ल्याचा काही भाग तेथे आजही छप्पर पेलतो आहे.