२०२१ : रुतलेल्या जहाजाचे वर्ष

सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडायला बसलो की पहिली नोंद सुएझ कालव्याचीच करावीशी वाटते. २३ मार्च रोजी सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज तिथे आडवे रुतले आणि आशिया व युरोप यांना जोडणारी व्यापाराची वाट सहा दिवस बंद पडली. त्या अजस्र नाळेपाशी माती उकरणारे एकुलते एक पिवळे यंत्र छायाचित्रात अगदी खेळण्यासारखे दिसत होते. अखेर गाळ उपसणारी यंत्रणा, ओढनौका आणि पौर्णिमेचे उधाण यांच्या जोरावर जहाज सुटले. श्रेयासाठी झालेल्या गर्दीत चंद्र तेवढा शिरला नाही, हा त्याचा मोठेपणा.

ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल घेतले. त्यावर विनोद सुचत नाही. त्याआधी जुलैत रिचर्ड ब्रॅन्सन आणि जेफ बेझोस हे अब्जाधीश नऊ दिवसांच्या अंतराने अवकाशाच्या उंबरठ्याला शिवून आले, तेव्हा खाली अनेक गरीब देश लशीच्या पहिल्या मात्रेसाठी ताटकळत होते. ४ ऑक्टोबरला फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप काही तास ठप्प झाले, आणि ही बातमी खुद्द फेसबुकला ट्विटरवरून जगाला कळवावी लागली. नोव्हेंबरअखेर करोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार अवतरला. त्याचे बारसे करताना जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक वर्णमालेतील दोन अक्षरे गाळली, त्यांपैकी एक, ‘Xi’, म्हणे लोकांना आडनाव वाटेल म्हणून.