जैसलमेर: वाळवंटातला ओला हिशेब

जैसलमेरजवळच्या ओसाड कुलधरा गावाला निघालो तेव्हा जीपवाल्याने भुताची गोष्ट रंगवायला घेतली होती. पालीवाल ब्राह्मणांचं भरलेलं गाव, दिवाण सालिमसिंहाचा जाच, एका रात्रीत सगळे गेले, जाताना शाप देऊन गेले. मी हूं हूं करत होतो. आणि वाटेत एकदम हिरवागार गहू दिसला. जानेवारी महिना, चहूकडे खुरटी झुडपं नि पिवळा खडक. विहीर नाही, मोटार नाही, पाइप नाही. म्हटलं, थांबव बाबा गाडी.

"खडीन है साब," तो म्हणाला. त्याला त्यात दाखवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

खडकाळ माळावर पडलेला पाऊस उताराने सखल जागी येतो. तिथे मातीचा लांबलचक आडवा बांध. पाणी अडतं, मुरतं, जास्तीचं सांडव्यावरून पुढे जातं. थंडीच्या तोंडावर तळ उघडा पडला की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही. आमच्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी अशीच नुसत्या ओलीवर येते, पण तिथे काळी कसदार जमीन आहे. इथे वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास. माणदेशात याच्या दुपटीहून जास्त पडतो, आणि आम्ही टँकरची वाट बघतो.

हे खडीन बांधण्यात पालीवालांचा हातखंडा होता. 19व्या शतकाच्या सुरुवातीला कुलधरा ओस पडलं. आता तिथे बिनछपराच्या भिंती नि सेल्फी काढणारे आपण. शापाची पाटी वाचायला गर्दी होते, बांधाकडे कुणी फिरकत नाही.

दुपारी बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी! इतकी वर्षं पानं वाहिली, शेंग पहिल्यांदा खाल्ली.

पटवा व्यापाऱ्यांच्या पाच हवेल्यांचं कोरीव काम फोटोत दिसतं त्याहून सुंदर आहे. त्यावर मी आणखी काय लिहू! संध्याकाळी मांगणियार गायले. हे मुसलमान गवई, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान बरेचसे राजपूत. जन्म असो की लग्न, त्यांच्या दारात गाणं यांचंच. कमायचा या त्यांच्या तंतुवाद्याचा तो घोगरा, भरलेला सूर ऐकायचा तर सम गावच्या तंबूंतल्या स्पीकरवर नको, समोर बसून ऐका.

आता किल्ला. 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेला, 99 बुरुजांचा, 2013 पासून जागतिक वारसा यादीत, आणि आजही आत माणसं नांदताहेत. पूर्वी बायका गडीसर तलावावरून घागरी आणत, तेव्हा थेंब न थेंब मोजून वापरला जाई. मग आत नळ आले, पाठोपाठ हॉटेलं. पायाखालची टेकडी ठिसूळ. सांडपाणी मुरतं, माती फुगते, भिंती सुटतात. एका बोळात हात टेकला तर भर वाळवंटात दगड ओला लागला.

माझी खोली किल्ल्यातच होती. झरोका, गरम पाण्याचा शॉवर, सगळं फोटो बघून मीच निवडलेलं. दुसऱ्या दिवशी बॅग उचलली आणि खाली गावात खोली घेतली. तिथल्या गच्चीवरून अख्खा किल्ला दिसतो.