फ्लॅट टॉप्समधून एल्कचे मांस एकट्याने खाली आणताना

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, कोलोरॅडोतील रायफलने शिकारीच्या दुसऱ्या हंगामात, मी फ्लॅट टॉप्सच्या अरण्यात एकटाच गेलो होतो. सुमारे ३,००० मीटर उंचीवर, गाडीपासून ४ किलोमीटर आत, सकाळी नऊच्या सुमारास एल्क या मोठ्या हरणाचा नर पडला. गोळी झाडण्यापूर्वी करायचे गणित मी त्याच्याशेजारी बसून केले. हाडे काढली तरी ९० किलोच्या आसपास मांस, म्हणजे चार खेपा आणि शिंगांची पाचवी. पाच वेळा ओझे घेऊन खाली आणि चार वेळा रिकाम्या हाताने वर, एकूण ३६ किलोमीटर. हा भाग ‘वाइल्डरनेस’ (संरक्षित अरण्य) म्हणून घोषित असल्यामुळे तिथे चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही.

परवान्याच्या टॅगवर सही आणि तारीख घालून तो सुटा केला, आणि मगच सुरी काढली. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली. त्यामुळे हे काम मी इथेच शिकलो, पण फरा (पुढचा पाय) आणि मांडी कशी सुटते हे लहानपणी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहून पाहिलेले होते, त्याचा उपयोग झाला. पोट न फाडता, पाठीच्या कण्यावरून कातडे चिरून खाली सोलत जावे. फऱ्याला धडाशी जोडणारा हाडाचा सांधा नसतोच, तो केवळ स्नायूंनी धरलेला असतो. पाय वर उचलून धरला की सुरी आपोआप वाट काढते. मांडीला मात्र खुब्याची वाटी शोधावी लागते. एकट्या माणसाला ती जड मांडी एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने कापता येत नाही, म्हणून मी पाय दोरीने झाडाला ताणून बांधला. आतल्या बाजूचे कोवळे मांस शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघते. नराचा पुरावा म्हणून वृषण एका मांडीला नैसर्गिकरीत्या जोडलेले ठेवावे लागते. हाडे काढण्याच्या भरात ते कापून टाकू नये.

माझी चूक झाली ती इथे. वरची बाजू नीटनेटकी करण्यात मी दोन तास घालवले आणि तेवढा वेळ खालची मांडी जाड कातड्यासह जमिनीला चिकटून गरम राहिली. ती सोडवली तेव्हा खुब्याजवळ हाडालगत आंबूस वास येऊ लागला होता, आणि तेवढा लचका टाकून द्यावा लागला. बाहेर थंडी असली तरी एवढ्या मोठ्या जनावराची ऊब आत कोंडून राहते. म्हणून एक बाजू सोलून झाली की लगेच जनावर उलटवावे, आणि मांड्या हाडापर्यंत चिरून उघड्या कराव्यात. वाहण्याची घाई नसते, मांस थंड करण्याची असते. रात्री पारा शून्याखाली गेला तर सावलीत टांगलेले मांस दोन दिवस सहज टिकते.

मी सुती पिशव्या सांगाड्यापासून दीडशे पावलांवर, ओढ्याकाठच्या उत्तर उतारावर आडव्या फांदीला टांगल्या. या भागात काळी अस्वले असतात आणि ती आधी आतड्यांकडे जातात. दुसऱ्या दिवशी परतताना दुरून दुर्बिणीने नीट पाहूनच, मोठ्याने बोलत पुढे गेलो.

पहिल्या खेपेला हाव नडली. गाडीपाशी काट्यावर ओझे ३४ किलो भरले; उतारावरच्या एका ओल्या ओंडक्यावर पाय घसरून गुडघा आधीच दुखावला होता. उरलेल्या खेपा मी १८ किलोंवर आणल्या आणि दोन काठ्या वापरल्या, तेव्हा कुठे चाल सुधारली. वजन पाठीवरच्या पिशवीच्या चौकटीला घट्ट आणि खांद्यांच्या जवळ बांधावे. खाली लोंबणारे मांस प्रत्येक पावलाला मागे ओढते. रोज दोनच खेपा कराव्यात आणि निघताना सॅटेलाइट मेसेंजरवरून घरी वेळ कळवावी. माझी पत्नी त्या वेळेपेक्षा अर्धा तासही जास्त वाट पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. शिंगे पाठीवर असताना त्यांना भगवे कापड गुंडाळावे, नाहीतर झाडीतून हलणारी शिंगे दुसऱ्या शिकाऱ्याला एल्कच वाटतील.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सारे गाडीत आले. डोके क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या प्राणघातक मेंदूविकाराच्या तपासणीसाठी दिले आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये न चाखता ठेवले. पुढच्या वर्षी मी गाडीपासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे गोळी झाडणार नाही, आणि त्याहून आत जायचेच झाले तर घोडेवाल्याशी आधी बोलून ठेवीन. मांसाच्या रक्ताळलेल्या सुती पिशव्या धुताना थंड पाण्यात मीठ घालून भिजवाव्यात. मी पहिली पिशवी गरम पाण्यात टाकली आणि तिच्यावरचा डाग अजून तसाच आहे.