शपथ न घेता

जालन्याच्या मोंढ्यात मी एका आडतीवर मुनीम आहे. हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले की ते लपत नाही. सकाळी उताऱ्याची नव्वद मिली दारू पोटात गेल्याशिवाय मला आकडा धड काढता येत नव्हता. अशी सहा वर्षं गेली.

त्या वर्षांत शपथा किती घेतल्या! आईच्या पायावर हात ठेवून, पोराला जवळ घेऊन, मारुतीपुढं नारळ फोडून. बायकोनं कुठल्याशा बाबाकडची पुडी भाजीत कालवून खाऊ घातली. शेवटी २०२२च्या आषाढीला पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. दुसऱ्या रात्री फिट आली. पुढं दोन दिवस भिंतीवरून मुंग्या उतरताना दिसायच्या, मी त्या अंथरुणावरून झाडत बसायचो. माळेनं सुटलेली माणसं माझ्याच गावात आहेत, माळेला मी दोष देत नाही. पण माझ्या शरीराला वर्षानुवर्षं रोज दारू लागत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते. ती एकदम काढली की मेंदू उसळतो, फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसानं डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबावं. आपल्याकडं ‘बंद म्हणजे बंद’ म्हणणाऱ्याचं कौतुक होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. मला आठवडाभर गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, “अंगातली दारू उतरली. आता घरी गेल्यावर काय कराल?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी एका चिठ्ठीवर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एकमेकांच्या आधारानं दारू सोडणाऱ्यांच्या, बैठकीचा वार, वेळ आणि एक फोन नंबर लिहून दिला. खाली सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही लिहिली, १४४४६.

चिठ्ठी नऊ दिवस खिशात राहिली. फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसानं माझं आडनाव, गाव, धंदा काही विचारलं नाही. “आज घेतलीय का?” एवढंच विचारलं. नाही म्हटलं, तर म्हणाला, “मग शनिवारी सातला या.”

बैठक एका शाळेत भरायची. पहिल्या शनिवारी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आत कुणी ओळखीचं निघालं तर मोंढ्यात तोंड कसं दाखवायचं? मी झिंगून रस्त्यात पडलेलं अख्ख्या मोंढ्यानं पाहिलं होतं, तरी लाज वाटली ती दारू सोडायला जाण्याची.

दुसऱ्या शनिवारी आत गेलो आणि ओळखीचा माणूस निघालाच. आमच्याच आडतीवरचा हमाल. त्याच्या हमालीचा हिशेब मी तीन वर्षं लिहीत होतो, त्याला कधी बस म्हटलं नव्हतं. तो उठला, खुर्ची पुढं ओढली. “बसा मुनीमजी. इथलं इथंच राहतं.”

दहा-बारा जण होते. एकेकानं नाव सांगून ‘मी दारुडा आहे’ म्हणत स्वतःचं सांगितलं. मधे कुणी बोललं नाही, उपदेश केला नाही. कुणी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, तसा तिथला नेम आहे. फी नाही. शेवटी वर्गणीची थैली फिरली, ती माझ्यापाशी आल्यावर शेजारच्यानं “नव्यानं टाकायचे नसतात” म्हणून पुढं दिली. दारू सोडायची इच्छा, एवढ्यावर माणूस त्यांच्यात येतो.

मी शपथ घ्यायच्या तयारीनं गेलो होतो. कुणी मागितलीच नाही. “जन्माचं सोडा, आजचे चोवीस तास बघा,” म्हणाले. खरं सांगतो, मला रडू आलं. जन्मभराच्या वचनाचं ओझं माझ्यानं कधी पेललंच नव्हतं.

हे सगळं सुरू कसं झालं तेही तिथंच कळलं. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस कामाला आला होता. काम फसलं, पिण्याची ओढ लागली. स्वतः टिकावं म्हणून तो बोलायला दुसरा दारुडा शोधू लागला, तेव्हा बॉब नावाचा एक सर्जन भेटला. ऐकताना मी हमालाकडं पाहत होतो.

चार महिन्यांनी चुलतभावाच्या लग्नात मी प्यालो. त्या शनिवारी जायची हिंमत नव्हती, तो हमाल घरी आला आणि सोबत घेऊन गेला. तिथं कुणी ‘का?’ विचारलं नाही. चहा दिला, दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागलो. त्यानंतर आजपर्यंत घेतलेली नाही.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. बायकोसाठी जवळपास मला तशी सापडली नाही, हे मनाला लागतं. तिनंही माझ्याबरोबर तेच भोगलंय. पगार मी तिच्याच हातात देतो. कपाटाची किल्ली तिनं अजून मला दिलेली नाही, मीही मागितलेली नाही. शनिवारी साडेसहा वाजले की मात्र तीच म्हणते, “अवो, निघा की. उशीर व्हायलाय.”