आजीचा डालड्याचा डबा

पुतणीच्या साखरपुड्यात मुलाकडच्या एका काकांनी जेवता जेवता विचारलं, "तुम्ही मेथडिस्ट, आम्ही सीएनआय. गाणी तीच, बायबल तेच. मग फरक काय हो?"

मी सांगितलं की २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली, तेव्हा अमेरिकन मेथडिस्ट मिशनमधून उभी राहिलेली आमची मंडळी ऐनवेळी त्यात गेली नाही आणि १९८१ पासून ती 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून चालते. काकांनी मान डोलावली. पण घरी आल्यावर चुटपुट लागली. मला सांगायची होती आजी, आणि सांगितल्या तारखा.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, पाच गावं, त्यामुळे ते आमच्याकडे महिन्यातून एकदाच यायचे, सायकलवर. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, त्या रविवारी. बाकीच्या रविवारी आजोबा उपासना चालवायचे. ते दुसऱ्याच्या मळ्यात सालगडी होते, शिक्षण चौथीपर्यंत. बोट ठेवून सावकाश वचन वाचायचे आणि मग पेरणीच्या, पाटपाण्याच्या भाषेत समजावून सांगायचे. पेटी नव्हती, डफ आणि टाळ होते. गाणी बहुतेक ना. वा. टिळकांची. टिळक आमच्या मिशनचे नव्हते, पण त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आजी डालड्याचा पिवळा डबा घेऊन निघायची. आमची दहा-अकरा घरं. प्रत्येक घरात बाई भाकरीचं दळण करताना मूठभर ज्वारी एका गाडग्यात बाजूला टाकायची, ते धान्य आजी डब्यात ओतून घ्यायची. डब्याचा काठ वाकलेला होता, त्यात दाणे अडकायचे. ते ती करंगळीनं काढून आत टाकायची, एकही सांडू द्यायची नाही. "देवाचं हाये ते," म्हणायची. मग उंबऱ्यावर टेकायची आणि विचारायची, "जिवाचं कसं हाये, बाय?" अंगाचं नाही, जिवाचं. कुणी नवऱ्याच्या दारूचं सांगायची, कुणी नुसतीच रडायची. आजी तिथंच डोळे मिटून प्रार्थना करायची. ज्या घरात खायलाच नसे तिथं ती डब्यातलं ओतून यायची. तो हिशेब तिनं कुणाला दिला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

खूप वर्षांनी पुण्यात, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीबद्दल वाचताना मी एका पानावर थांबले. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहावर कर्ज झालं होतं. ते फेडायला बारा-बारा जणांचे गट केले आणि प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची ठरलं. ज्याला झेपत नसेल त्याची पेनी गटाच्या पुढाऱ्यानं भरायची. पुढारी पेनीसाठी घरोघर जाऊ लागला तेव्हा कुणाचा संसार कसा चाललाय, कुणाचं पाऊल कुठं घसरलंय, हे त्याला कळू लागलं. वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. त्यातून 'क्लास मीटिंग' उभी राहिली, छोट्या गटानं दर आठवड्याला बसून एकमेकांच्या जिवाची विचारपूस करायची.

मी पुस्तक मिटलं आणि रडले. आजीला ब्रिस्टल ठाऊक नव्हतं. वेस्लीसाहेबांचं नाव तिनं ऐकलं असेल, तेवढंच. आणि तरी माझ्या पाहण्यातली सगळ्यात पक्की मेथडिस्ट तीच. पाळक दर काही वर्षांनी बदलतात, बिशपांनी नेमणूक वाचली की सामान टेम्पोत चढतं. मंडळी टिकते ती अशा माणसांवर, हे मला काकांना सांगायचं होतं.

आता गावात वहिनी फिरते. ज्वारी कोणी देत नाही, वीस-पन्नासाची नोट देतात आणि ती वहीत मांडते. मागच्या नाताळात मी तिच्याबरोबर गेले होते. शेवटच्या घरी एका तरुण सुनेनं दारातूनच नोट पुढं केली. वहिनीनं वहीत लिहिलं, पेन मिटलं आणि विचारलं, "आणि जिवाचं कसंय गं?"

ती खाली बसली. आम्हाला निघायला रात्रीचे नऊ वाजले.