आज हंसाबाई भेटल्या

अप्पा बळवंत चौकात गेले होते भाचीच्या नववीच्या गाइडांसाठी. येताना पिशवीत आलं सिनेनटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र, 'सांगत्ये ऐका'. जुनी प्रत, पानं पिवळी, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं.

आमच्या घरी हे पुस्तक होतं, पण कपाटात, साड्यांच्या खाली. आई म्हणायची, "तुझ्या वयाचं नाही ते." आज वय पन्नाशीला टेकलंय, म्हटलं आता हरकत नसावी!

दुपारची भांडी तशीच ठेवून वाचत बसले. 'संत सखू'मधली ती सोज्वळ सखू, आणि इथे तीच बाई दारूबद्दल, घर सोडून गेल्याबद्दल, कलावंतिणीच्या घराण्यातल्या जन्माबद्दल बोलते. समोर बसून, पान लावता लावता बोलावं तशी. कुठे रडारड नाही, 'मी बिचारी' नाही. स्वतःच्या चुकांवर पांघरूण तर नाहीच नाही. अरुण साधूंनी शब्दांकन केलंय, पण मध्ये कुणी आहे असं वाटतच नाही. मोठं कसब आहे हे.

हे सगळं 'माणूस' नियतकालिकात छापून आलं तेव्हा लोक काय काय बोलले असतील! पुढे १९७७ साली बेनेगलांनी यावरूनच 'भूमिका' केला. स्मिता पाटीलचं काम थोरच, पण मला आज पडद्यापेक्षा हा आवाज जास्त भिडला.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "वाचलं गं ते."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मी दोनदा वाचलंय."